'टायर फुटला' : या वाक्याचा कर्ता कोण?



गेल्या आठवड्यात सकाळी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. त्याचा स्वतःचा ट्रेलर आहे, अठरा टायरी. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. जालन्याहून लोखंडी सळई भरायची, नागपूरकडे उतरवायची, चंद्रपूरकडून सिमेंट घेऊन परत यायचं, असं त्याचं चालतं. म्हणाला, "काका, पुढचे दोन्ही टायर संपत आले. नवीन घ्यायचे तर पन्नास हजाराच्या घरात जातात. एक जण रिमोल्ड केलेले देतोय, सहा-सात हजाराला एक. सध्या तेच पुढे टाकतो, दिवाळी झाली की बघू."

'दिवाळी झाली की बघू' हे शब्द ऐकले आणि हातातला कप मी खाली ठेवला. त्याला म्हटलं, "बापू, तू गाडी हलवू नको. बँक उघडली की पैसे टाकतो."

फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, "नातवाच्या सायकलला तुम्ही आठ दिवस विचार करता, आणि इथं पन्नास हजार एका फोनवर?" मग तिचं तिलाच आठवलं असावं, कारण पुढे काही बोलली नाही. तुमच्यापैकी बहुतेकांना ते कारण ठाऊक नाही. आज ते सांगणार आहे, पण थोडा फेरा घेऊन. मास्तर माणसाची सवय, समजून घ्या.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. कर्ता, कर्म, क्रियापद, प्रयोग. 'फुटणे' हे अकर्मक क्रियापद आहे. 'टायर फुटला' या वाक्यात टायर हाच कर्ता. व्याकरणाच्या पेपरात या उत्तराला मी पूर्ण गुण दिले असते. पण पेपरात बातमी येते, 'टायर फुटल्याने अपघात, दोन ठार', आणि आपण पान उलटतो. पाऊस पडला, फांदी मोडली, टायर फुटला. जणू आभाळातून झालेली गोष्ट. कोणी केली, कोणी करायची राहिली, हा प्रश्नच त्या वाक्यात उरत नाही. माझं म्हणणं असं की मोठ्या गाडीचा टायर बहुतेक वेळा आपोआप फुटत नाही. तो फुटेपर्यंत कोणी तरी काही तरी केलेलं नसतं. त्या 'कोणी तरी'ला आपण वाक्यातून अलगद बाहेर काढतो.

आमचं सुलतानपूर जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावरचं गाव. मेहकरकडून जालन्याकडे जाणारी सगळी वाहतूक आमच्या दारावरून जायची. लोणारला जायचा रस्ताही इथूनच फुटतो. लहानपणापासून रस्त्याकडेला पंक्चरची दुकानं, बाजेवर झोपलेले ड्रायव्हर आणि उलट्या टांगलेल्या ट्यूबा बघत आलो. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा होऊन सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. तेव्हापासून आमच्याकडची लांबच्या पल्ल्याची गर्दी बरीच तिकडे गेली. तो रस्ताही आमच्याच जिल्ह्यातून, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो.

१ जुलै २०२३ ची रात्र आमच्याकडे कोणी विसरणार नाही. सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटली, पेटली आणि २५ माणसं त्यात गेली. चालकाने सांगितलं, टायर फुटला. उजाडेपर्यंत चौकाचौकात तेच वाक्य होतं. पुढे परिवहन खात्याच्या तपासणीत टायर फुटल्याची शक्यता नाकारली गेली. मला त्या चालकावर काही बोलायचं नाही. मला एवढंच दिसलं की कारण शोधण्याआधीच आपल्याकडे हे वाक्य तयार होतं आणि आपण सगळ्यांनी ते लगेच मान्य केलं. मीही केलं.

आता थोडं मागे जातो. आमच्या वडिलांची बैलगाडी होती, लाकडी चाकांची. त्या चाकाला बाहेरून लोखंडी पट्टी असते, तिला धाव म्हणतात. हल्लीच्या मुलांना धाव म्हटलं की क्रिकेटच आठवेल! उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं आणि धाव सैल होते. मग सुतार आणि लोहार दोघांना बोलवायचं. गोवर्‍यांचं गोल कडं रचून त्यात धाव तापवायची, लाल झाली की सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज होऊन धाव आवळायची आणि सगळे आरे जागच्या जागी घट्ट. आम्ही पोरं ते बघायला शाळा बुडवायचो. (मास्तर झाल्यावर ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही.)

वडील गाडी जुंपायच्या आधी चारी बाजूंनी फिरायचे, धावेवर दगडाने ठोकून बघायचे, आसाला वंगण आहे का पाहायचे. सालगडी असला तरी तेच बघायचे का, तर नाही. त्या दिवशी गाडी सालगड्याने न्यायची असेल तर त्यालाच बघायला लावायचे. म्हणायचे, "ज्यानं गाडी हाकाची, त्यानंच चाक पाहाचं." आणि तो म्हणाला धाव सैल आहे, तर गाडी त्या दिवशी जायची नाही. बाजार बुडाला तरी चालेल. आमच्या घरात शिकलेला पहिला मी. पण हे साधं वाक्य मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं, तेही फार किंमत मोजून. ते पुढे सांगतो.

आधी टायरविषयी. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. पण गेल्या पंचवीस वर्षांत दुकानदार, ड्रायव्हर आणि पुतण्या यांना विचारून विचारून जे कळलं ते लिहून ठेवतो. आपल्या नात्यात गाड्यांच्या धंद्यात तीन-चार जण आहेत, त्यांनी जरूर वाचावं.

ट्रेलरच्या पुढच्या इंजिनाच्या भागाला हे लोक 'घोडा' म्हणतात. पुतण्याच्या गाडीत घोड्याला पुढे दोन, मागे चार आणि ट्रेलरला बारा, असे अठरा टायर. दिसायला सगळे सारखे काळे, पण सगळ्यांचं काम सारखं नाही. मागे जोडीतला एक फुटला तर शेजारचा काही काळ भार घेतो, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. पुढे जोडीदार नसतो. पुढचा फुटला की स्टिअरिंग त्या बाजूला ओढलं जातं आणि चाळीस-पन्नास टनांचा डोलारा ड्रायव्हरच्या दोन मनगटांवर येतो. म्हणून नवा टायर घ्यायचा तो पुढे टाकायचा. पुढे सरळ लांब पट्ट्यांचा, घोड्याच्या मागच्या चाकांना जाड ठोकळ्यांच्या नक्षीचा. पुढचा अर्धा झिजला की तो ट्रेलरला द्यायचा. तिथे संपत आला की रबर चढवून पुन्हा ट्रेलरलाच. हा टायरचा सरळ आयुष्यक्रम आहे.

रिमोल्डला मी नावं ठेवत नाही, गैरसमज नको. आतला सांगाडा शाबूत असेल आणि काम चांगल्या ठिकाणी झालं असेल तर रबर चढवलेला टायर उत्तम चालतो. विमानांनासुद्धा असे टायर वापरतात. पैसा वाचतो, रबर वाचतं. पण त्यासाठी टायर पार गोटा होईपर्यंत चालवून चालत नाही. कायद्याने मोठ्या गाडीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर हवी. खाचेत मधे मधे छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला असं समजायचं. शहाणे लोक तीनेक मिलिमीटर उरली असतानाच तो काढून रबर चढवायला देतात, म्हणजे सांगाड्याला इजा होत नाही. पुतण्याला मिळत होते ते रिमोल्ड कुणाच्या गाडीवरून उतरलेले, किती वेळा रबर चढलेले, कोणालाच माहीत नव्हतं. असा टायर पुढे टाकणं म्हणजे अनोळखी माणसाला जामीन राहण्यासारखं आहे.

नवा घेतानाही तारीख बघावी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानाबाहेर उन्हात वर्षानुवर्षं पडलेला टायर खाचा नव्या असल्या तरी नवा नसतो. आपण औषधाच्या बाटलीवरची तारीख बघतो, मग इथे का नाही?

आता हवा. ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आणि हिच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष. तुम्ही ढाब्यावर पाहिलं असेल, क्लीनर उतरतो आणि टॉमीने प्रत्येक टायरवर एक एक ठोका देतो. टण्ण वाजला की हवा आहे, धप्प वाजला की गेली. वडील धावेवर दगड ठोकायचे, तसंच. पण लोखंडाला चालेल ते हवेला चालत नाही. पूर्ण बसलेला टायर ठोक्यावरून कळतो, पण ११० च्या जागी ८० हवा आहे हे कळत नाही. आणि घात तिथेच आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेर्‍याला बाजूने दबतो, वाकतो, पुन्हा सरळ होतो. पत्र्याची तार आपण वाकवून वाकवून तोडतो तेव्हा ती हाताला गरम लागते ना, तसाच तो आतून तापत जातो. आमच्याकडचं एप्रिल-मेचं ऊन, खाली सिमेंटचा तापलेला रस्ता, वर वजन आणि तासनतास न थांबता धाव. मग एका क्षणी तो फुटतो, आणि आपण म्हणतो टायर फुटला. खरं तर तो सकाळपासून फुटत असतो.

म्हणून गेज घ्यावा, काही शे रुपयांत मिळतो. सकाळी गाडी हलण्याआधी, टायर गार असताना हवा बघावी. चालून आलेल्या गाडीची बघू नये, कारण ती वाढलेली असते. मी नातवाकडून हिशेब करून घेतला. सकाळी २७ अंशाला ११० पौंड हवा असेल आणि टायरमधली हवा ७७ अंशापर्यंत तापली तर गेजवर १३० च्या आसपास दिसेल. ते बघून काही जण घाबरून हवा सोडतात. संध्याकाळी टायर गार झाला की ती कमी पडते आणि दुसर्‍या दिवशी तोच टायर जास्त तापतो. वाढलेली हवा तशीच राहू द्यावी, सकाळी बघावं.

आणखी एक. जोडीतला आतला टायर. त्याच्या व्हॉल्वपर्यंत हात पोचत नाही म्हणून तो विसरला जातो. आत हवा कमी झाली की बाहेरचा दोघांचं ओझं वाहतो. घरातही असं होतं, दिसणारा माणूस खपतो आणि आतला खचलाय हे कोणाला कळत नाही. जोडीत एक नवा आणि एक झिजलेला घातला तरी तेच, उंचीत फरक पडला की भार एकावर. दोघांच्या मधे दगड अडकलाय का, तेही वाकून बघायचं. हे वाकणं पन्नाशीतल्या ड्रायव्हरला जड जातं, पण त्याला इलाज नाही.

मधे नायट्रोजनची फार चर्चा झाली. भरा, चांगलाच आहे. पण आपल्या साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिनाभर न बघितलेल्या नायट्रोजनपेक्षा रोज बघितलेली साधी हवा बरी, असं माझं मत.

आणि वजन. सरकारने २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसावरची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. त्याच्यावर पुन्हा दोन टन टाकणारे आहेतच. समृद्धीवर मालगाडीला ताशी ८० ची मर्यादा आहे. मोकळा रस्ता दिसला की तीही विसरायला होते. टायरवर त्याचा भार आणि वेग छापलेला असतो. तो काय पुसट चालतो म्हणून खोटा ठरत नाही.

आता ती गोष्ट.

१९९६ साल. धाकट्या भावाने ट्रक घेतला होता, सहा टायरी. पैसे त्याच्याकडे नव्हते. माझ्या फंडातून कर्ज काढून निम्मे मी घातले. गाडी भावाच्या नावावर, पण खर्चाचा हिशेब माझ्या वहीत, कारण घरात हिशेब लिहिणारा मीच. ड्रायव्हर जवळच्याच खेड्यातला होता, त्याचा मुलगा माझ्याकडे आठवीत होता. दसर्‍याच्या आसपास तो घरी आला. चप्पल बाहेर काढून ओट्यावर बसला. म्हणाला, "गुरुजी, पुढचे दोन्ही टायर गेले. गाडी ओढते." मी वही उघडली. त्या महिन्यात बहिणीच्या घरचं कार्य होतं, हप्ता होता. मी म्हटलं, "एवढा महिना काढ. दिवाळी झाली की बघू." तो थोडा वेळ बसला, चहा घेतला आणि 'बरं' म्हणून गेला. नोकरी करणारा माणूस दुसरं काय म्हणणार?

दिवाळीला नऊ दिवस होते. शेलूबाजारच्या अलीकडे पहाटे पुढचा डावा टायर फुटला आणि गाडी झाडावर गेली. क्लीनर वाचला. ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

मी दवाखान्यात गेलो. काय बोलावं सुचत नव्हतं. तोच मला म्हणाला, "गुरुजी, टायर फुटला. तुमचा काय दोष?" त्याने मला त्या वाक्यातून बाहेर काढलं. पोलिसांच्या कागदावर तेच लिहिलं गेलं, विम्याच्या कागदावरही तेच. माझ्या वहीत मात्र दसर्‍याच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पुढील टायर २, दिवाळीनंतर.' ती वही अजून कपाटात आहे. त्याच्या मुलाच्या शिक्षणाचं मी पाहिलं, तो आज चांगल्या नोकरीत आहे. लोक त्याबद्दल मला नावाजतात, तेव्हा मला खाली बघावं लागतं. त्याचा बाप गावात पानाची टपरी चालवून काही वर्षांपूर्वी गेला. शेवटपर्यंत भेटला की 'गुरुजी' म्हणून कुबडीवर उभा राहायचा.

तर मंडळी, त्या वाक्याचं बरोबर रूप असं होतं : मी टायर बदलले नाहीत. कर्ता, मी.

पुतण्याशी हे सगळं बोललो. तो म्हणाला, "काका, तुमचं खरं आहे, पण भाड्यात बसत नाही." त्याचंही खोटं नाही. हिशेब करून पाहिला. अठरा टायर, एक तेवीस हजाराचा धरला तर चार लाखांवर जातात. सरसकट लाख किलोमीटर चालले असं धरलं तर किलोमीटरमागे चार रुपये नुसते टायरचे. भाडं ठरवताना डिझेल, टोल, हप्ता धरला जातो. टायर कोणी धरत नाही, कारण तो रोज पैसे मागत नाही. महिन्यातून दोनदा माल पाठवणारा व्यापारी भाव पाडतो, तेव्हा ते चार रुपयेच आधी कापले जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ झाला, ते बरं झालं. इतकी वर्षं चैनीच्या वस्तूंच्या रांगेत टायर का बसवला होता, हे मला कळलेलं नाही. समृद्धीवर गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवायची मोहीमही परिवहन खात्याने २०२३ मध्ये काढली. पण नाक्यावर अडवलेला ड्रायव्हर जुन्या रस्त्याने जातो, म्हणजे आमच्या गावातून. टायर तोच!

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात एवढंच. टायरचा निर्णय वहीवाल्याचा नसावा, चाकामागे बसणार्‍याचा असावा. त्याने 'गाडी हलणार नाही' म्हटलं तर ती हलू नये आणि त्याचा त्या दिवसाचा रोजही कापू नये. सगळे अठरा परवडत नसतील तर निदान पुढच्या दोघांत काटकसर करू नका. किलोमीटरमागचे ते चार नाही तर दोन रुपये तरी वेगळ्या खात्यात टाका. आणि तुम्ही जे दिवाळीत पुण्या-मुंबईहून रात्रीच्या खाजगी बसने येता, त्यांनी सामान ठेवण्याआधी एकदा पुढच्या टायरकडे बघा. खाचा दिसत नसतील तर विचारा. ड्रायव्हरवर ओरडू नका, त्याने मालकाला आधीच सांगितलेलं असू शकतं.

परवा पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. दोन नवे टायर, बाजूवरचे चार आकडे नीट दिसतील असे. मी चष्मा लावून वाचले. चार महिन्यांपूर्वीचे आहेत. पैसे परत कधी देऊ, असं त्याने खाली लिहिलं होतं. मी उत्तर पाठवलं, "सावकाश दे. पण गेज घेतला का?"

अजून उत्तर आलेलं नाही. गाडीवर असेल. असो.